पायडल असलं तरी ती गाडीच



मागच्या रविवारी नातू मोबाईल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. पोराला नुकतंच सोळावं संपलंय. मोबाईलवर दोन गाड्यांची चित्रं होती. एक बॅटरीवर चालणारी सायकल, आणि दुसरी आपली जुनी ओळखीची लूना, तीही आता बॅटरीची. म्हणाला, "आजोबा, यातली कुठलीही घेऊ. असल्या गाडीला लायसन लागत नाही."

"लागत नाही" हे दोन शब्द आमच्या घरात एकदा फार महाग पडलेले आहेत. पोराला ते माहीत नाही. त्याच्या बापालाही अर्धवटच माहीत आहे. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातल्या बहुतेक मराठी घरांत एके काळी मोपेड होती, आणि बऱ्याच घरांत तिचे कागद आमच्यासारखेच अर्धवट होते.

सुरुवात सायकलपासून करतो. आमच्या लहानपणी सायकललाही नियम होते, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. नगरपालिकेचा कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. रात्री दिवा पाहिजे. डबलसीट दिसली की पोलीस चाकातली हवा सोडायचा. पण सायकलस्वार म्हणून तुम्ही कोण, तुमचं वय काय, तुम्हाला चालवता येतं का, हे कुणी विचारत नसे. कर होता, परवाना नव्हता. हा फरक लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

मग सायकललाच इंजिन लावल्यासारख्या गाड्या आल्या. आमच्याकडं आधी दिसली ती तिरुपतीला तयार होणारी सुवेगा. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं लूना काढली. इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या चाओ या मोपेडवर ती बेतलेली होती. ५० सीसीचं इंजिन, गिअर नाही, पायडल मारून चालू करायची, आणि पेट्रोल संपलं तर तेच पायडल मारत घरी यायचं. १९८० मध्ये होसूरहून टीव्हीएस ५० आली. तिच्यावर मागं माणूस बसू शकायचा, म्हणून ती दूधवाल्यांची आणि जोडप्यांची लाडकी झाली. तेव्हा स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. मोटरसायकल परवडायची नाही. म्हणून मास्तर, ग्रामसेवक, नर्सबाई, एलआयसीचे एजंट, किराणावाले, सगळे मोपेडवर.

मी उदगीरला बी.कॉम. करून १९७४ साली बँकेत लागलो आणि पुढं भालकी भागातच बरीच वर्षं नोकरी केली. मोपेडसाठी कर्ज देणं हे माझ्याच टेबलाचं काम होतं. कर्ज देताना आरसी बुकावर बँकेची तारण-नोंद झाली का, इन्शुरन्स आहे का, त्यावर बँकेचं नाव आहे का, हे मी बारकाईनं बघत असे. ज्यांची पॉलिसी संपत आली त्यांची नावं लाल शाईनं एका वहीत लिहून ठेवत असे आणि महिनाभर आधी निरोप धाडत असे. "साहेब, तुम्ही लई कडक हाव," असं दूधवाले म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता.

आता माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगतो.

माझं लग्न १९७७ साली झालं. सासुरवाडी निलंगा तालुक्यातली. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, जावयाला लूना दिली. आम्ही काही मागितलं नव्हतं, पण देऊ केलेली परतही केली नाही, हे खरं सांगायला हवं. गाडी महाराष्ट्रात विकत घेतलेली, नोंदणी महाराष्ट्रातली, टॅक्स महाराष्ट्रात भरलेला, आणि आरसी बुकावर नाव मामांचं. लूना टेम्पोत टाकून भालकीला आणली आणि मी चालवायला लागलो.

इथं थोडा इतिहास सांगितला पाहिजे. निझामाच्या काळात आणि नंतरच्या हैदराबाद राज्यातही निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. मामांचं शिक्षण उर्दूतलं. जमिनीच्या कामासाठी ते बिदरलाच जायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, हे तीन तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात गेले आणि भालकी-बिदर म्हैसूर राज्यात राहिलं. म्हैसूरचं कर्नाटक १९७३ साली झालं. पण सोयरीक काही सरकारी रेघ बघून थांबली नाही. लेकी इकडून तिकडं, तिकडून इकडं येत-जात राहिल्या. लेकींच्या मागं भांडी आली, कपाटं आली, शिलाई मशीन आली. कपाटाला नंबर नसतो. गाडीला असतो.

तेव्हा १९३९ चा मोटार वाहन कायदा लागू होता. त्याच्या हिशेबानं यंत्राच्या बळावर रस्त्यावर चालणारं वाहन म्हणजे मोटार वाहन. पायडल असली म्हणून ५० सीसीची लूना सायकल ठरत नव्हती. तिला नोंदणी पाहिजे, विमा पाहिजे, चालवणाऱ्याला लायसन पाहिजे. आणि गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यायचा. हे सगळं मला माहीत होतं. बँकेच्या परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं.

लायसन मात्र मी काढलं. १९७८ साली बिदरला जाऊन परीक्षा दिली. मैदानात चुन्यानं काढलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून लूना फिरवली, पाय टेकवला नाही, पास झालो. इन्स्पेक्टरसाहेबांनी नंबरप्लेटकडं बघून विचारलं, "गाडी किसकी?" म्हटलं, सासऱ्यांची. ते हसले आणि आपल्या दखनीत म्हणाले, "अपने नाम पे करा लेव साब, बाद में परेशानी होती."

करू, म्हटलं. एनओसीसाठी महाराष्ट्रात जायचं, मामांची सही आणायची, इथं परत टॅक्स भरायचा, नवा नंबर घ्यायचा. दोन दिवसांची रजा आणि थोडे पैसे, एवढंच काम होतं. ते मी पाच वर्षं पुढं ढकललं.

फेब्रुवारी १९८३. बाजारचा दिवस. थोरल्या भावाचा मुलगा शाळेसाठी आमच्याकडं राहायला होता. नववीत, वय पंधरा. हिनं गिरणीतून दळण आणायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, लूनावर जाऊ का?" मी पेपर वाचत होतो. किल्ली काढून दिली. त्याची काकू म्हणाली, "अहो, लायसन?" आणि मी, बँकेचा अधिकारी, काय म्हणालो ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. "लूनाला कशाचं लायसन. पायडलची सायकल ती."

परत येताना पुढं दळणाचा डबा, बाजारची गर्दी, आणि समोरून भाजीची पाटी घेऊन येणारी एक बाई. पोराला ब्रेक लावता आला नाही. बाईचं मांडीचं हाड मोडलं. तीन महिने ती अंथरुणात होती. हाड जुळलं, पण पाय कायमचा आखूड झाला. पोराला खरचटलं तेवढंच.

त्या दिवशी रात्री मी गाडीचे कागद काढले. विमा एकोणीस दिवसांपूर्वी संपला होता. नूतनीकरणाची सूचना आरसी बुकावरच्या पत्त्यावर, म्हणजे मामांच्या गावी गेली होती. तिथं कुणीतरी ती देवळीत खोचून ठेवली होती. दुसऱ्यांच्या पॉलिसीच्या तारखा लाल शाईनं लिहिणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गाडीची ही गत.

बाईच्या मुलानं नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि योग्यच केलं. नोटीस कुणाला निघाली? गाडीच्या मालकाला. मालक कोण? ज्याचं नाव आरसी बुकावर आहे तो. पासष्ट वर्षांच्या, आयुष्यात एकदाही लूना चालू न केलेल्या मामांना निलंगा तालुक्यात कर्नाटकातल्या न्यायालयाची नोटीस गेली. तेव्हाच्या कायद्यात दावा अपघात झाला त्याच भागातल्या न्यायाधिकरणात चालायचा. म्हणून दर तारखेला मामा पहाटे निघायचे, औराद शहाजानीवरून भालकीला यायचे, आमच्याकडं चहा घ्यायचे आणि माझ्याबरोबर बिदरला यायचे.

बिदरच्या आवारात उभं राहून ते एकदा म्हणाले, "जावाईबापू, ह्याच गावात मी बापाबरोबर जमिनीच्या कामाला येत होतो. तवा हे आपलं जिल्ह्याचं गाव. आता मी हितं परराज्यातला आरोपी." आरोपी नव्हे, प्रतिवादी, असं मी त्यांना सांगितलं. कायद्यानं माझं बरोबर होतं, पण मला स्वतःलाच ते बोलणं फार हलकं वाटलं. नोटीस कानडीत होती. मामांना मराठी, उर्दू आणि मोडी येत होती, कानडी वाचता येत नव्हती. तीही मीच वाचून दाखवायचो.

प्रत्येक तारखेला मामा त्या बाईजवळ जायचे आणि पाय कसा आहे विचारायचे. आमचे वकील चिडायचे, "समोरच्या पार्टीशी बोलू नका हो." मामा ऐकायचे नाहीत.

त्या काळात कायद्यात एक चांगली दुरुस्ती नुकतीच आली होती. ऑक्टोबर १९८२ पासून, चूक कुणाची हे ठरायच्या आधीच, मृत्यू झाला तर १५ हजार आणि कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात हजार रुपये पीडिताला देणं बंधनकारक झालं होतं. बाईला ते साडेसात हजार आधी मिळाले. पुढं १९८६ मध्ये निकाल लागला. एकूण साडेअठरा हजार आणि वर व्याज. विमा संपलेला, त्यामुळं कंपनीचा काही संबंध राहिला नाही. सगळी रक्कम मालकाच्या नावावर.

मी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढायचा अर्ज लिहीत होतो, तोवर मामांनी बैलजोडी विकली. आधीचे साडेसात हजारही त्यांनीच भरले होते, मला न विचारता. मी रागावलो. ते एवढंच म्हणाले, "कागदावर नाव माझं हाय. पैसे मीच भरणार." पुढं तीन वर्षांत मी ते सगळे पैसे त्यांना फेडले. पण पुढचे दोन हंगाम त्यांनी भाड्याच्या बैलांवर शेती केली, आणि ते मला माहीत होतं. तशी जोडी त्यांनी परत घेतली नाही.

गाडी नावावर करून घ्यायला शेवटी मला किती वेळ लागला? एनओसीपासून नव्या नंबरपर्यंत अकरा दिवस.

कायदा पुढं बदलला. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत चारपेक्षा कमी चाकांचं आणि ३५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन "मोटार वाहन" धरलेलं नव्हतं. १९९४ च्या दुरुस्तीनं ही मर्यादा २५ सीसीवर आणली. वयाचंही तसंच. लायसनला अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत, पण सोळा पूर्ण झालेल्याला एक सवलत होती. आधी ती बिनगिअरच्या दुचाकीसाठी होती, १९९४ मध्ये ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनापुरती केली. शिवाय अठराच्या आतल्या मुलाला शिकाऊ लायसनसाठी पालकाची लेखी संमती लागते. "आमच्या पोराकडं सोळाव्या वर्षीचं लायसन आहे" म्हणून त्याच्या हाती १०० सीसीची स्कूटर देणारे पालक मी कितीतरी पाहिले. ते लायसन त्या गाडीला चालत नाही. आणि आज ५० सीसीची पेट्रोल गाडी दुकानात जवळजवळ दिसतच नाही. आपल्या भागात शेताकडं धावणारी टीव्हीएस एक्सएलसुद्धा आता १०० सीसीच्या घरातली आहे. म्हणजे सवलत कागदावर आहे, तिला बसणारी गाडी बाजारात नाही.

१९९४ च्याच दुरुस्तीनं दावा लावणाऱ्याला, स्वतः राहतो तिथल्या किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावायची मुभा दिली. मालक कोण, या प्रश्नावर मात्र कायदा तसूभर हलला नाही. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं, की गाडी विकून हातातून गेली असली तरी नोंद ज्याच्या नावावर आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. मामांच्या साध्या वाक्याचा अर्थ तोच होता.

सीमाभागातल्या मंडळींनी हे नीट लक्षात घ्या. आजही लातूर, उदगीरकडच्या नंबरच्या गाड्या आपल्या गल्लीत वर्षानुवर्षं फिरताना दिसतात. लग्नात आलेल्या, मेव्हण्याकडून घेतलेल्या, सेकंडहँड. गाडीचा व्यवहार झाला की देणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत कळवायचं असतं. घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी ठेवली की एनओसी आणून नवा नंबर घ्यायचा. पोलीस पकडेल म्हणून नव्हे. उद्या काही झालं तर नोटीस कुणाच्या उंबऱ्यावर जाईल, एवढा विचार करा.

आता नातवाच्या गाड्या. बॅटरीच्या सायकलीला खरंच लायसन लागत नाही, पण कधी? मोटार २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय नियमांनुसार ती मोटार वाहन नाही. पण गाडीला चोरून जास्तीचा वेग बसवून घेतला की ती पुन्हा मोटार वाहन झाली, आणि तेव्हा नंबर नाही, विमा नाही, लायसन नाही. दुसरी, ई-लूना, २०२४ मध्ये आली. ती ताशी ५० पर्यंत जाते. तिला नोंदणी, विमा, लायसन सगळं लागतं. नाव लूना आहे, रूपही तसंच आहे, आणि फसगतही तिथंच होते. मी त्याला सांगितलं, अठरा पूर्ण होऊ दे, मग बघू.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन नसलेल्या अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे वाचून काही पालकांना फार कडक वाटतं. मला १९८३ सालीच हा कायदा असता तर बरं झालं असतं. निदान शिक्षा किल्ली देणाऱ्याला झाली असती, मामांना नव्हे.

माझं वय आता पंचाहत्तर. पंचावन्न ओलांडल्यावर लायसन पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. गेल्या वर्षी नूतनीकरण केलं. डॉक्टर म्हणाले, "आता कशाला चालवायलाव काका?" म्हटलं, चालवत नाही, पण तारीख चुकवत नाही.

नातवानं हे सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्या बाईचं पुढं काय झालं?" ती भाजी विकायला परत बसायला लागली, पण पाटी डोक्यावर घेऊन चालणं तिला पुन्हा जमलं नाही. एका जागी पोतं अंथरून बसायची. आमची ही शेवटपर्यंत तिच्याकडूनच भाजी घ्यायची, आणि ती बाई भाव एक पैसाही जास्त लावायची नाही. आम्ही भालकी सोडून बिदरला आलो तेव्हा मी तिला सांगायला गेलो होतो. तिनं विचारलं, "तुमचे मामा बरे आहेत ना?"

तुमच्या घरी पहिली मोपेड कुठली होती, आणि ती कुणाच्या नावावर होती, जरूर लिहा. आणि आज घरातल्या गाडीचं आरसी काढून त्यावरचं नाव, पत्ता आणि विम्याची तारीख एकदा बघाच.